आंघोळ घातलेले फोन

माझी बायको वेबसाइटा तपासते. हे आमच्या आंजी गावात कोणापुढं म्हटलं की समोरचा आधी माझ्याकडे संशयानं पाहतो आणि मग म्हणतो, "म्हणजे नेमकं काय करते जी वहिनी?" मग मला खुर्ची ओढून बसावं लागतं, कारण हे उभ्या उभ्या सांगण्यासारखं प्रकरण नाही. मी तहसील कार्यालयात बत्तीस वर्षं नकला देण्याच्या टेबलावर बसलो. एकानं कधी विचारलं नाही की मधूभाऊ, तुम्ही नेमकं काय करता. बायकोचं मात्र सगळ्या गावाला कौतुक. असो, मला काही वाईट वाटत नाही. थोडंसं वाटतं.

तिचं नाव कोकिळा. नाव ठेवणाऱ्यानं घाई केली असं माझं मत आहे, कारण ती स्वयंपाकघरातून बोलली की बसस्टॉपवरची माणसं वळून पाहतात. वय छप्पन्न. शिक्षण बी.ए. आणि स्वभाव असा की दुकानदारानं निवडून दिलेल्या तांदळातही तिला खडा सापडतो. सापडला नाही तर ती पुन्हा निवडते.

ही नोकरी तिला लागली ती माझ्या पुतणीमुळे. अंकिता वर्ध्याला एका कापड दुकानाच्या वरच्या मजल्यावर ऑफिस टाकून बसली आहे. ती आणि आणखी दोघी पोरी मिळून लोकांना वेबसाइटा बनवून देतात. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत ती फराळाला आली आणि एका डॉक्टरसाठी बनवलेली साइट आपल्या फोनवर मोठ्या हौसेनं दाखवू लागली. कोकिळेचे हात चिवड्यात होते. तिनं करंगळीनं इकडंतिकडं दाबून पाहिलं आणि म्हणाली, "अंकिता, हे बटन दाबलं की पान उगाच वर पळून राह्यलं. इथं दवाखान्याचं नाव अर्धंच तुटलं. आणि फोन आडवा केला की डॉक्टरचं डोकंच गायब होते, पाह्य बरं."

पोरीचा चेहरा पडला. मी बायकोला डोळ्यांनी दटावलं, पण ती कशाला माझ्याकडे पाहते? दुसऱ्या दिवशी सकाळी अंकिताचा फोन आला. "काकू, आम्ही तिघींनी आठ दिवस तपासलं, आम्हाले हे एक दिसलं नाई. तुम्ही आमच्याकडे तपासायचं काम करता का?"

मी मोठ्यानं हसलो. म्हटलं, "चुका काढायची नोकरी? अवं, मग हिचा बत्तीस वर्षांचा अनुभव आहे. सगळा माझ्यावर केला."

काम काय, ते कोकिळेनंच मला समजावून सांगितलं. वेबसाइट एकच असते, पण लोक ती लहान फोनवर पाहतात, मोठ्या फोनवर पाहतात, कॉम्प्युटरवर पाहतात. प्रत्येकाचा पडदा वेगळ्या मापाचा. त्यात पुन्हा ब्राऊझर वेगवेगळे. "ब्राऊझर म्हणजे खिडकी समजा," ती म्हणाली. "परसातला निंब सैपाकघराच्या खिडकीतून पुरा दिसते, न्हाणीच्या झरोक्यातून नुसता बुडखा दिसते. निंबाले काय माहीत कोण कुठून पाहून राह्यलं? ते मले पाहावं लागते."

तेव्हापासून आमच्या स्वयंपाकघरात मसाल्याच्या डब्यांच्या वरच्या फळीवर अकरा फोन आणि टॅब्लेट ओळीनं उभे आहेत. नात्यात कोणीही नवा फोन घेतला की जुना आमच्याकडे येतो. तिनं त्यांना नावंही दिली आहेत. रुंद पसरट टॅब्लेट आहे त्याचं नाव जिजाबाई, शेजारच्या जिजाबाईंवरून. सगळ्यात सुस्त फोनाचं नाव तानाबाई, कारण माझी तानाबाई आत्या गुडघ्यावर हात ठेवून उठायला पाव तास घ्यायची. कोकिळा एका वहीत चुका लिहून अंकिताला पाठवते : "तानाबाईवर पान उघडाले सव्वा मिनिट लागला." एकदा ही वही चुकून पुण्याच्या एका गिऱ्हाइकाकडे गेली. त्यानं फार आस्थेनं उलट विचारलं की तानाबाईंची तब्येत आता कशी आहे.

घरात नवा जुना फोन आला की कोकिळा आधी त्याला आंघोळ घालते. पाण्यानं नाही, घाबरू नका. आधी ओल्या फडक्यानं पुसते आणि मग आतलं सगळं मिटवून टाकते. कोणाचे फोटो, कोणाचे खेळ, कोणी सेटिंगमध्ये केलेल्या खटपटी, सगळं साफ. दुकानातून आला तेव्हा होता तसा कोरा करते. मी एकदा विचारलं, याची गरज काय? तर म्हणाली, "दुसऱ्याच्या घरचा लोणच्याचा डबा तुमी घासल्याशिवाय वापरता का?" त्या आंघोळीनंच पुढं घोळ केला, पण तेव्हा ते कोणाला ठाऊक.

दसऱ्याला ती या सगळ्यांची पूजा करते. पहिल्या वर्षी तिनं प्रत्येक फोनाच्या काचेवर वरच्या कोपऱ्यात कुंकवाचं बोट लावलं. दुसऱ्या दिवशी एक साइट उघडून अकराही पडद्यांचे आपल्या फोनानं फोटो काढून अंकिताला पाठवले. त्या तिघी पोरी अर्धा दिवस डोकं खाजवत होत्या, की काकूंच्या सगळ्या फोनांत उजव्या कोपऱ्यात हा लाल ठिपका येतो कुठून. तेव्हापासून कुंकू फोनाच्या पाठीवर लागतं.

आता मुख्य गोष्ट सांगतो. आमच्या समाजाचं एक वधू-वर सूचक मंडळ आहे. अण्णाजी त्याचे अध्यक्ष. वयानं अठ्ठ्याहत्तर, पण जिल्ह्यातल्या कोणत्या घरात लग्नाचं कोण आहे हे त्यांना तोंडपाठ. इतकी वर्षं मंडळ पुस्तक छापायचं, यंदा त्यांनी वेबसाइट करायची ठरवली आणि काम अंकिताला दिलं. पोरगा किंवा पोरगी, फोटो, शिक्षण, उंची, गाव, अपेक्षा. पसंत पडलं तर निरोप पाठवायचं बटन. कोकिळेनं ही साइट बारा दिवस तपासली. जिजाबाईवर पाहिली, तानाबाईवर पाहिली, तीन-तीन खिडक्यांतून पाहिली, फोन उभा धरून, आडवा धरून. अठ्ठावीस चुका काढल्या, त्या दुरुस्त झाल्या आणि मग वहीत लिहिलं : "ठीक आहे." तिचं हे "ठीक आहे" सहजासहजी मिळत नाही. मला लग्नात मिळालं होतं, त्यानंतर नाही.

या साइटवर आम्ही आमच्या सुमीतचीही माहिती टाकली. सुमीत आमचा एकुलता एक. वय बत्तीस. सेवाग्रामला दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरी. उंची पाच फूट अकरा इंच. आमच्या मधल्या दाराच्या चौकटीवर त्याच्या कपाळाचा तेलकट डाग आहे, इतक्या वेळा आपटतो. लग्नाचा विषय काढला की "पाहू ना बाबा" म्हणून गाडीला किक मारायचा. साइटवर टाकून महिना झाला तरी एकही निरोप आला नाही आणि त्याला त्याचं काही वाटतही नव्हतं.

आणि एका बुधवारी जेवताना तो स्वतःहून म्हणाला, "बाबा, इथं विचारून पाहा."

कोकिळेची पळी वरणातच थांबली. मी फोन हातात घेतला. तळेगावची मुलगी होती, श्यामजी पंतांच्या तळेगावची. नाव जागृती. शाळेत शिक्षिका. उंची पाच फूट आठ इंच. आणि अपेक्षा या रकान्यात तिनं लिहिलं होतं : "मुलगा उंच असावा. प्रत्येक फोटोत वाकून उभं राहायचा मला कंटाळा आला आहे." सुमीत ते वाचून मघाशी एकटाच हसला होता, आता पुन्हा हसला. बत्तीस वर्षांच्या पोराला असं लाजून हसताना पाहिलं आणि मला इतका आनंद झाला की मी तिसरी पोळी मागितली.

निरोप पाठवला. दुसऱ्या दिवशी अण्णाजींचा फोन. "मधू, तळेगाववाले नाई म्हणतात बाप्पा. पोरीच्या बापाचं म्हणणं आहे का पोरगा बुटका आहे."

"बुटका?" मी ओरडलो. "कोण बुटका?"

माझा स्वभाव तापट आहे, हे मी कबूल करतो. मी अण्णाजींकडून त्या गृहस्थांचा नंबर घेतला. तानबाजी त्यांचं नाव. शेतकरी माणूस, बोलणं सरळ. मी फोन लावला आणि म्हटलं, "तानबाजी, मी सुमीतचा बाप. माह्या पाच फूट अकराच्या पोराले बुटका म्हणता? तुमी आधी आपले डोळे तपासून घ्या!"

"माह्ये डोळे माह्यापाशी राहू द्या," ते म्हणाले. "साइटवर पाच फूट एक लिहून ठेवलं आणि आता फोनवर पाच फूट अकरा सांगता? रातभरात दहा इंच वाढला का पोरगा? खोटं बोलणाऱ्या घरात मी पोरगी देत नसतो. आमचं अमरावतीले जमून राह्यलं. रविवारी पक्कं करायले जातो." आणि फोन बंद.

म्हणजे आधी नुसता पोरगा बुटका होता. मी बोललो आणि सगळं घर खोटारडं झालं. संध्याकाळी सुमीतला सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "जाऊ द्या बाबा." पण त्यानं अर्धी पोळी ताटात ठेवली, आणि उठताना चौकटीला डोकं आपटलं तरी नेहमीसारखी शिवी दिली नाही.

कोकिळेनं शुक्रवारी सगळं काम बाजूला ठेवून अकराही फोन खाली काढले आणि प्रत्येकावर सुमीतचं पान उघडलं. जिजाबाईवर पाच फूट अकरा. तानाबाईवर पाच फूट अकरा. सगळ्या खिडक्यांतून, उभं, आडवं, पाच फूट अकरा.

"माह्या अकराही फोनांत अकरा आहे," ती म्हणाली. "मंग त्यांच्या फोनात एक काऊन आहे?"

"तो माणूसच तसा आहे," मी म्हटलं. "निमित्त शोधून राह्यला."

"नाई. त्यानं एक पाहिलं असन म्हणूनच एक म्हणते. मी ठीक लिहिलं आणि ठीक नाई. उद्या तळेगावले जाऊ."

मी हबकलो. नकार आल्यावर मुलाकडच्यांनी मुलीच्या दारात जायचं? लोक काय म्हणतील? आणि जायचंच तर सुमीतला घेऊन जाऊ, समोर उभा करू, मोजून घ्या म्हणू. तर म्हणाली, "तो काय बैलबाजारातला बैल आहे का, मोजून दाखवायले? आणि मी पोराची माय म्हणून नाई जाऊन राह्यली. साइट मी तपासली, चूक माह्या कामात आहे, ते पाहाले जाऊन राह्यली. तुमी येत असान तर या. पण तोंड उघडायचं नाई. उघडायचं तर फक्त चहा प्यायले."

शनिवारी सकाळी आम्ही आर्वीची बस धरली, तिथून तळेगावची. साडेअकराला तानबाजींच्या दारात. दार उघडं होतं आणि ओसरीवर तेच बसले होते, चष्मा कपाळावर, फोन हातात. फोनवरचं आठवून मी कोकिळेच्या मागं उभा राहिलो; मला तसंही बोलायचंच नव्हतं.

"मी मंडळाच्या साइटची तपासणी करते," कोकिळा म्हणाली. "आंजीहून आली. आणि आधीच सांगते, मी सुमीतची माय आहे. पण सोयरीक बोलायले नाई आली. तुमच्या फोनवर साइट कशी दिसते, तेवढं पाहाचं होतं."

तानबाजींनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आन हे?"

"हे माह्ये मालक. ते आज बोलणार नाईत."

तानबाजींनी आतल्या बाजूला तोंड करून चहा टाकायला सांगितला आणि फोन तिच्या हातात दिला. माणूस वाईट नव्हता. तो फोन मात्र काय सांगू! थोरल्या पोरानं नवा घेताना बापाला दिलेला जुना, आणि त्यावरची अक्षरं एवढी मोठी केलेली की आमच्या ओसरीवरून वाचता यावीत. एका पडद्यावर चार शब्द.

कोकिळेनं सुमीतचं पान काढलं. तिथं लिहिलं होतं, उंची : ५ फूट १.

तिनं दुसरा मुलगा काढला, तिसरा काढला. काही पाच फूट सहा, काही पाच फूट नऊ, आणि बाकी पाच फूट एक, पाच फूट एक, पाच फूट एक.

"मी तेच म्हणतो बाई," तानबाजी पुढं सरकून म्हणाले. "या जिल्ह्यातल्या पोरायले झालं काय? आमच्या वेळी असे नव्हते. पाच-नऊच्या वर कोणी नाई. सहा फुटाचा एक सापडला, तो जागृतीहून चौदा वर्षांनं मोठा. महिनाभर शोधून राह्यलो. शेवटी म्हटलं, अमरावतीचा पाच-नऊवाला घेऊन टाकू."

"भाऊ," कोकिळा म्हणाली, "जरा फोन आडवा धरा."

तानबाजींनी फोन आडवा केला. फोनाबरोबर त्यांची मानही आडवी झाली. ओळ रुंद झाली आणि त्या एकच्या पुढं लपून बसलेला दुसरा एक बाहेर आला, त्याच्यामागून इंच. ५ फूट ११ इंच. त्यांनी फोन उभा केला, एक गेला. आडवा केला, आला. असं त्यांनी पाच वेळा केलं.

"हे काय जादू होय?"

"जादू नाई, चूक होय. आणि चूक माही होय." कोकिळेनं फोन खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. उंचीसाठी ठेवलेली जागा लहान. अक्षरं मोठी केली की शेवटची मावत नाहीत, कापली जातात. दहा इंचवाला एक होतो, अकरावालाही एक होतो. "माह्याकडं अकरा फोन आहेत भाऊ, सगळे जुने, सगळे तुमच्यासारख्याच कोणाच्या तरी घरून आलेले. त्यातल्या अर्ध्यांवर अशीच मोठी अक्षरं केलेली होती. मीच पुसून काढली. फोन आला का मी त्याले आंघोळ घालते, कोरा करते, आणि मंग तपासते. आणि हे पोरंपोरी पाहाचं काम करते कोण? पोरी थोड्याच करतात? बाप करते, मामा करते. पोराचा जुना फोन, डोळ्याले कमी दिसते, अक्षरं मोठी. मले हे समजाले पाहिजे होतं. मी त्या कोऱ्या फोनांत सगळं चकचकीत पाहून ठीक आहे लिहून मोकळी झाली."

चौतीस वर्षांत मी माझ्या बायकोला चूक कबूल करताना पाहिलं नव्हतं. मला वाटायचं, पाहिलं तर मजा येईल. नाही आली. मला तिचा हात धरावासा वाटला, पण लोकांच्या ओसरीवर तसं कसं करणार?

तेवढ्यात चहा आला. चहा घेऊन जागृतीच आली. शनिवारची सकाळची शाळा सुटून ती नुकतीच घरी आली होती आणि दाराआडून तिनं सगळं ऐकलेलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. उंच, सरळ पोरगी. चौकटीखालून येताना सवयीनं मान किंचित झुकवून आली. मला एकदम माझ्या पोराची आठवण झाली.

"मग आता हे दुरुस्त होईल का, काकू?" तिनं विचारलं.

"आत्ताच होईल. अंकिता ऑफिसातच आहे." कोकिळेनं फोन काढला.

इथं मात्र मला राहवलं नाही. आमची साइट दुरुस्त झाली की काय होणार होतं, हे माझ्या डोक्यात लख्ख आलं. सुमीत एकटाच थोडा वाढणार होता? जिल्ह्यातली दबलेली सगळीच उंच पोरं एकदम उभी राहणार होती. मी कोकिळेला खुणेनं अंगणात बोलावलं आणि हळूच म्हटलं, "अवं, जरा दम धर. आधी आपल्या पोराचं बोलून घे, मंग कर दुरुस्त. एक घंट्यानं काय बिघडते?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी दोन पावलं मागं सरलो. "सुमीतचं तेवढं खरं दिसावं आणि बाकीच्या पोरायचं खोटं? त्यायच्या आया नाईत का घरी वाट पाहत?" आणि तिथंच उभ्या उभ्या अंकिताला फोन लावून सांगितलं, की उंचीची जागा वाढव, अक्षरं कितीही मोठी झाली तरी ओळ खाली उतरू दे, कापू नको, आणि आत्ता कर, मी फोनापाशी बसून आहे.

अंकिताला वीस मिनिटं लागली. त्या वीस मिनिटांत मी दोन कप चहा प्यालो आणि एक शब्द बोललो नाही. मग कोकिळा म्हणाली, "भाऊ, आता उभाच धरा. आणि पान पुन्हा उघडा."

तानबाजींनी चष्मा कपाळावरून खाली आणला. सुमीतचं पान काढलं. "पाच फूट," ते मोठ्यानं वाचू लागले, "अकरा... इंच." मग पुढचा. "पाच फूट दहा इंच." त्याच्या पुढचा. "पाच अकरा." त्यांचा आवाज चढतच गेला. "जागृती, अवं हे पाह्य, पाच अकरा, पाच दहा, पाच दहा! हा पुण्याचा इंजिनिअर! हा तर आर्वीचाच!" एका दुपारी सगळा जिल्हा दहा इंचांनी वाढला होता. सुमीत धरून एकूण सात पोरं निघाली. त्यांतल्या दोघांकडे चारचाकी होती. मी कपाळाला हात लावला.

जागृतीनं बापाच्या हातून फोन घेतला. ओसरीच्या खांबाला टेकून तिनं सातही जणांची पानं वाचली, एकेक करून, अगदी सावकाश. कोकिळा वहीत काहीतरी लिहीत होती, पण तिची पेन्सिल हलत नव्हती, हे मला दिसत होतं. वाचून झाल्यावर जागृतीनं फोन बापाला परत दिला आणि कोकिळेला विचारलं, "काकू, सुमीत कोणावर गेला? तुमच्यावर का काकांवर?"

"उंची यांची," कोकिळा म्हणाली. "बाकी माह्यावर."

"राग?"

"राग नाई. रागाचं सगळं यायच्यापाशीच राहून गेलं."

जागृती हसली. मग बापाकडे वळून म्हणाली, "बाबा, अमरावतीले उद्या जायचं नाई. यायले घरी बोलवा."

"आन हे बाकीचे सहा?" तानबाजी म्हणाले. त्यांना इतक्या दिवसांनी सापडलेली उंच पोरं सोडवत नव्हती.

"बाबा, ही बाई आपल्या पोराचं काम सोडून त्या सहा जणायची उंची नीट करत बसली. मले त्या घरात जाऊन पाहाचं आहे."

मी तोंड उघडलं. तानबाजींपुढचं माझं पहिलं वाक्य. म्हटलं, "येऊ आम्ही. उद्याच येऊ."

तानबाजींनी झटकन मान वर केली. "थांबा. हाच तो आवाज! डोळे तपासा म्हणणारे तुमीच ना?"

"मीच," मी म्हटलं. "चुकलं माझं."

"चुकलं कायचं?" ते म्हणाले. "डोळे तपासले असते तर अक्षरं मोठी करायची पाळीच आली नसती. बसा, आता जेवूनच जा."

दुसऱ्या दिवशी सुमीतला घेऊन आम्ही पुन्हा तळेगावला गेलो. मी त्याला रस्ताभर बजावलं होतं की नीट बस, कमी बोल. ओसरीवर सगळे होते. त्याला आत बोलावलं आणि तो जागृतीकडे बघत बघत गेला तो धाडकन चौकटीला आपटला. कपाळाला टेंगूळ आलं. आम्ही दोघं धावलो, जागृती पाणी आणायला पळाली, आणि तानबाजी मात्र चौकटीकडे बोट दाखवून आपल्या बायकोला आनंदानं सांगत होते, "अकराच होय! पक्का अकरा!"

साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, फाल्गुनात झालं. त्या दिवशी तानबाजींनी नवा फोन घेतला होता आणि जुना रुमालात बांधून आणला होता. तो त्यांनी कोकिळेच्या हातात दिला. म्हणाले, "विहीणबाई, तुमच्या कामाचा आहे."

घरी आल्यावर तिनं तो ओल्या फडक्यानं पुसला आणि पाठीवर कुंकवाचं बोट लावलं. मग बारावा म्हणून फळीवर तानाबाईच्या शेजारी उभा केला. नाव ठेवलं इवाई. आमच्याकडे व्याह्याला इवाईच म्हणतात. मी म्हटलं, "अवं, आंघोळ राहिली ना याची." ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "याले नाई घालत." आजही त्यावरची अक्षरं तेवढीच मोठी आहेत, आणि कोणतीही साइट आली की कोकिळा सगळ्यात आधी इवाईवर उघडते.